चूक वेळेत दिसावी म्हणून

प्रस्तावना

रक्तातली साखर मोजताना लॅबकडून चूक झाली, तर ती फार दिवस लपून राहत नाही. आकडा रुग्णाच्या प्रकृतीशी जुळत नाही हे डॉक्टरांच्या लक्षात येते, ते पुन्हा रक्त घ्यायला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी खरा आकडा हाती येतो. जनुकीय चाचणीला असा दुसरा दिवस सहसा मिळत नाही. माणूस जन्माला येताना घेऊन आलेला डीएनए आयुष्यभर तोच राहतो, म्हणून ही चाचणी बहुधा एकदाच होते. तिचा अहवाल फाइलमध्ये जातो, त्याच्या प्रती भावाबहिणींकडे जातात आणि पुढे कित्येक वर्षे त्या एका कागदाच्या भरवशावर लग्ने ठरतात, गर्भधारणेचे निर्णय होतात, शस्त्रक्रिया होतात. निकाल चुकला आहे असे सांगणारे लक्षण अनेकदा नसतेच. थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस ठणठणीत असतो. त्याला ‘वाहक नाही’ असे लिहून दिले, तर ती चूक त्याच्या अंगावर कुठेही उमटत नाही. ती उमटते काही वर्षांनी, त्याच्या मुलाच्या अंगावर.

या पुस्तकाचा सगळा रोख या एका वस्तुस्थितीवर आहे. जनुकीय प्रयोगशाळेतली चूक आपणहून समोर येत नाही, म्हणून ती समोर येईल अशी व्यवस्था मुद्दाम उभारावी लागते. गुणवत्ता हमी म्हणजे ही व्यवस्था. ती खरोखर चालते आहे का, हे बाहेरच्या जाणकारांनी येऊन तपासणे म्हणजे मानांकन. पहिल्या गोष्टीवाचून दुसरीला अर्थ नाही, आणि दुसरी नसेल तर पहिलीबद्दल लॅबच्या शब्दाखेरीज आपल्याकडे काहीच नसते.

हुशार, प्रामाणिक माणसे कामाला असली की पुरे, असे अनेकांना वाटते. मानवी जनुकशास्त्राचा इतिहासच याला उत्तर देतो. थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे प्रसिद्ध केले. पुढची तीन दशके हाच आकडा पाठ्यपुस्तकांत राहिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारे कितीतरी जण ४८ च मोजत राहिले. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथून जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी सुधारलेल्या पद्धतीने बनवलेल्या स्लाइडच्या आधारे खरा आकडा मांडला: ४६. त्यांच्या शोधनिबंधात एक विलक्षण नोंद आहे. लुंडमधल्याच काही सहकाऱ्यांना गर्भाच्या यकृतपेशींमध्ये पूर्वीच पुन्हापुन्हा ४६ गुणसूत्रे दिसली होती. पण ४८ काही सापडत नाहीत म्हणून त्यांनी तो अभ्यास बाजूला ठेवला होता. त्यांच्या डोळ्यांनी दाखवले ते बरोबर होते, पण मनात आधीच ठरलेल्या आकड्यापुढे त्यांनी माघार घेतली. चांगल्या सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये एकाने केलेले गुणसूत्रांचे विश्लेषण दुसरा जाणकार स्वतंत्रपणे पाहतो, त्याची गरज इथे कळते. हा पहिल्या माणसावरचा अविश्वास नसतो. अपेक्षा डोळ्यांना कशी वळवते, हे ओळखून घेतलेली ती काळजी असते.

साध्या रक्तचाचण्यांनाही हे शिकावे लागले. १९४७ मध्ये विल्यम बेल्क आणि विल्यम संडरमन यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवले आणि साखर, हिमोग्लोबिन अशा नेहमीच्या चाचण्या करून घेतल्या. समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरे जास्त आली. त्या लॅब निष्काळजी नव्हत्या. आपले उत्तर शेजारच्या लॅबपेक्षा वेगळे येते हे कळण्याचा मार्गच त्यांच्यापाशी नव्हता. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांत वापरला जाणारा शूहार्टचा नियंत्रण-आलेख वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. रोज ज्ञात मूल्याचा एक कंट्रोल चालवायचा, त्याचा ठिपका आलेखावर टाकायचा आणि ठिपके मर्यादेबाहेर जाऊ लागले की रुग्णांचे निकाल थांबवायचे. हा आलेख आज तालुक्याच्या गावातल्या नीट चालणाऱ्या लॅबच्या भिंतीवरही दिसतो.

जनुकीय चाचण्यांची पाळी १९९० च्या दशकात आली. सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक १९८९ मध्ये सापडले आणि युरोपात बघता बघता शंभराहून अधिक लॅब त्याची चाचणी करू लागल्या. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या एलिझाबेथ डेकेकर आणि जाँ-जाक कासिमान यांनी १३६ प्रयोगशाळांच्या बाह्य परीक्षणाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. आयोजकांना उत्तर आधीच ठाऊक असलेले डीएनए नमुने सर्वांना पाठवले होते. एकूण उत्तरांतली बहुतेक बरोबर होती, तरी सुमारे एक तृतीयांश लॅबनी किमान एक नमुना चुकवला होता. त्यांत नामवंत संस्थांमधल्या, अनुभवी माणसांच्या लॅबही होत्या. युरोपने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. त्याच सुमारास मँचेस्टरमधून चालणारे युरोपीय आण्विक जनुकशास्त्र गुणवत्ता जाळे, म्हणजे ईएमक्यूएन, सुरू झाले आणि दरवर्षी नमुने पाठवून लॅबना त्यांचे गुण कळवण्याची रीत रुजली. पुढे २००७ मध्ये ओईसीडी या संघटनेने आण्विक जनुकीय चाचण्यांच्या गुणवत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ज्यांनी आपल्या चुका मोजल्या, त्यांच्याच चुका कमी होत गेल्या.

आता नमुन्याच्या वाटेने चालत जाऊ, म्हणजे चूक कुठे कुठे दबा धरून बसते ते दिसेल.

पहिली जागा लॅबच्या दाराबाहेर आहे. डीएनए काढायचा असेल तर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घ्यायचे. गुणसूत्रे पाहायची असतील तर पेशी जिवंत हव्यात, म्हणून हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये. हेपॅरिन डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआरची अभिक्रिया रोखते आणि ईडीटीएमधल्या पेशी कल्चरमध्ये नीट वाढत नाहीत. ट्यूब चुकली तर निदान चाचणी फसते आणि चूक कळते. लेबल चुकले तर काहीच फसत नाही. एकाच कुटुंबातले चार नमुने, आडनाव एक, मधले नाव वडिलांचे, त्यात दोन भावांच्या ट्यूबांची अदलाबदल झाली, तर यंत्र दोन्ही निकाल स्वच्छ देते आणि दोन्ही चुकीच्या माणसाला मिळतात. म्हणून नाव आणि आणखी एक स्वतंत्र ओळख, रक्त घेतानाच रुग्णासमोर लावलेले लेबल आणि ओळख पटत नसेल तर नमुना परत पाठवण्याचा अधिकार, या तीन गोष्टी महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम करतात. चाचणीच्या अर्जावरही काही प्रश्न असलेच पाहिजेत. अलीकडे रक्त चढवले आहे का? अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे का? प्रत्यारोपणानंतर रक्तातल्या पेशी दात्याच्या असतात. त्यांतून काढलेला डीएनए दात्याची कथा सांगतो आणि अहवालावर नाव मात्र रुग्णाचे असते.

दुसरी जागा गर्भचाचणीची आहे, आणि तिच्यावर या पुस्तकाने सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत ती उगाच नव्हे. नवराबायको दोघे थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भात बाळाला गंभीर आजार असण्याची शक्यता चारात एक असते. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक अंश घेऊन त्यातला डीएनए तपासतात. त्या अंशाला आईच्या गर्भाशयाचे अस्तर चिकटलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट वेचून काढले नाही, तर डीएनए बाळाचा थोडा आणि आईचा जास्त येतो. आई वाहक, म्हणून उत्तरही ‘वाहक’ असे येते. बाळाला आजार असतो आणि कागदावर लिहिलेले असते की काळजीचे कारण नाही. या चुकीइतकी गोड दिसणारी आणि इतकी क्रूर चूक दुसरी नाही. तिच्यावर उपाय आहे: आईच्या रक्तातला डीएनए आणि वारेतला डीएनए यांची ओळखचिन्हे शेजारी शेजारी ठेवून पाहायची. बाळाच्या नमुन्यात प्रत्येक ठिकाणी आईच्या दोन चिन्हांपैकी फक्त एक असायला हवे; दोन्ही दिसली तर आईच्या पेशी मिसळल्याची शंका धरायची आणि अहवाल थांबवायचा. आपल्याकडे इथे आणखी एक जबाबदारी येते. ओळखचिन्हांच्या बऱ्याच किटमध्ये लिंग दाखवणारे चिन्हही असते. गर्भलिंग उघड करणे हा आपल्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे ती माहिती कोणाला दिसते, कुठे साठते आणि अहवालाच्या कोणत्याही ओळीतून ती बाहेर जाणार नाही याची खात्री कशी करायची, हे लॅबने लेखी ठरवलेले असले पाहिजे.

वेळ हाही या गुणवत्तेचा भाग आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्याने काही वर्गांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत नेली असली, तरी आई-वडिलांसाठी प्रत्येक आठवडा जड जातो. बरोबर पण उशिरा आलेला अहवाल त्यांच्या उपयोगाचा राहत नाही.

तिसरी जागा पीसीआरची. या अभिक्रियेत प्रत्येक चक्रात डीएनएच्या प्रती दुप्पट होतात. ३० चक्रांनंतर तत्त्वतः एका रेणूच्या १०० कोटींहून जास्त प्रती तयार होतात. हीच तिची ताकद आणि हाच तिचा धोका. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल जसा कपाटातल्या घडीच्या कपड्यांतही नंतर सापडतो, तशा या प्रती हवेतून, हातमोज्यांतून, पिपेटमधून सगळीकडे पोहोचतात आणि उद्याच्या रुग्णाच्या ट्यूबमध्ये कालच्या रुग्णाचा निकाल उमटवतात. म्हणून अभिकर्मके मिसळण्याची खोली वेगळी, डीएनए टाकण्याची जागा वेगळी, प्रती तयार झाल्यावर त्या हाताळण्याची खोली वेगळी. माणसांनी आणि सामानाने एकाच दिशेने जायचे, उलटे फिरायचे नाही. आणि प्रत्येक वेळी एक ट्यूब डीएनए न घालता चालवायची. त्या रिकाम्या ट्यूबमध्ये काही उमटले, तर त्या दिवशीचे सगळे निकाल रद्द. हा नियम घाईच्या दिवशी पाळला जातो का, यावर लॅबची खरी पारख होते.

चौथी जागा पद्धतीच्या मर्यादेची. भारतात बीटा थॅलेसेमियाची पाच उत्परिवर्तने फार मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यांतले एक म्हणजे डीएनएची ६१९ अक्षरे गळून पडणे, आणि ते सिंधी समाजात विशेष सापडते. उल्हासनगरसारख्या शहरातून येणाऱ्या नमुन्यांसाठी हे ज्ञान अत्यावश्यक आहे. कारण वाहकात एका गुणसूत्रावरचा तो तुकडा नसला तरी दुसऱ्यावरचा असतो, आणि नेहमीचे सिक्वेन्सिंग त्या दुसऱ्या, निरोगी प्रतीचे अक्षर न् अक्षर बरोबर वाचून ‘दोष आढळला नाही’ असे सांगते. गळलेला तुकडा शोधायला वेगळी पीसीआर लागते. पीसीआरची सुरुवात करून देणारा प्रायमर बसतो त्या जागीच एखादा निरुपद्रवी बदल असेल तरी हेच घडते: एक प्रत वाढतच नाही आणि दुसरी एकटीच बोलते. आपली पद्धत काय पाहू शकत नाही, याची यादी ज्या लॅबजवळ तयार आहे ती लॅब पद्धत ओळखते. चांगल्या अहवालात ही यादी रुग्णाच्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत छापलेली असते.

पाचवी जागा अर्थ लावण्याची, आणि आजची सर्वांत अवघड जागा हीच आहे. नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगमुळे एका वेळी हजारो जनुके वाचता येतात. अक्षरे बरोबर वाचली का, हे तपासायला आता संदर्भ-डीएनएही मिळतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१५ मध्ये असा पहिला मानवी संदर्भ-डीएनए उपलब्ध केला. पण सापडलेला बदल आजार घडवतो की निरुपद्रवी आहे, हे यंत्र सांगत नाही. २०१५ मध्येच अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संघटनांनी बदलांची पाच गटांत विभागणी करण्याचे नियम घालून दिले: आजारकारक, बहुधा आजारकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला ‘अर्थ अनिश्चित’ हा गट म्हणजे लॅबच्या प्रामाणिकपणाची जागा. तिथे ठेवायचा बदल दबावाखाली वर ढकलला, तर निरोगी माणूस रुग्ण ठरतो.

हे घडलेले आहे. २०१६ मध्ये अर्जुन मनराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हृदयाचा स्नायू जाड करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीत आफ्रिकी वंशाच्या अनेक अमेरिकनांना चुकीने ‘आजारकारक’ असे अहवाल मिळाले होते. ते बदल कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळणारे होते. पण तुलनेसाठी वापरलेल्या निरोगी लोकांत कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच, म्हणून ते बदल दुर्मिळ आणि त्यामुळे घातक वाटले. यंत्र बरोबर होते, वाचन बरोबर होते, तुलनेची मोजपट्टी दुसऱ्यांची होती. भारतीय लॅबने हा अभ्यास स्वतःचा समजून वाचावा. हृदयाच्या स्नायूशी निगडित एमवायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरांची एक गळती भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय माहितीसाठ्यांत ती जवळपास दिसत नाही. इतक्या मोठ्या लोकसंख्येत असलेल्या बदलाबद्दल रुग्णाला काय आणि किती सांगायचे, हे परक्या मोजपट्टीवरून ठरवता येत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली, याचे महत्त्व इथे आहे. ती माहिती रोजच्या अहवालापर्यंत पोहोचवणे हे आता लॅबचे काम आहे.

इतक्या जागा सांभाळायच्या, तर चांगल्या इराद्याला शिस्तीची जोड हवी. ती शिस्त आयएसओ १५१८९ या मानकात आहे. वैद्यकीय प्रयोगशाळांची गुणवत्ता आणि सक्षमता यांसाठीचे हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रथम आले आणि त्याची चौथी आवृत्ती २०२२ मध्ये. नव्या आवृत्तीचा भर रुग्णाला पोहोचणाऱ्या धोक्यावर आहे: कोणती चूक किती घातक ठरेल, याचा विचार लॅबने आधी करायचा आणि बंदोबस्त त्या मापाने करायचा. भारतात या मानकानुसार मानांकन देण्याचे काम एनएबीएल करते. ते भारतीय गुणवत्ता परिषदेचे मंडळ असून आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत सहभागी आहे. परीक्षक म्हणून येणारी माणसे त्याच विषयातली असतात. ती कागद वाचतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. तंत्रज्ञाला चाचणी करताना पाहतात, फ्रिजच्या तापमानाची नोंद आणि पिपेटच्या कॅलिब्रेशनची तारीख विचारतात, बाह्य परीक्षणात गुण कमी पडले तेव्हा लॅबने काय केले हे खोदून काढतात. उणिवा लेखी देतात, आणि प्रत्येक उणिवेचे मूळ कारण शोधून ते दूर केल्याचा पुरावा मागतात.

इथे वाचकांनी दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. पहिली: नोंदणी आणि मानांकन या वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्याखाली गर्भचाचणी करणाऱ्या जनुकीय प्रयोगशाळेला नोंदणी सक्तीची आहे. ही नोंदणी गैरवापर रोखण्यासाठी आहे आणि अत्यंत आवश्यक आहे. पण थॅलेसेमियाचा निकाल बरोबर येतो की नाही, हे ती सांगत नाही. ते तपासणारे मानांकन आपल्याकडे ऐच्छिक आहे. दुसरी: मानांकन संपूर्ण इमारतीला मिळत नाही, ठरावीक चाचण्यांना मिळते. लॅबची साखर आणि थायरॉइडची चाचणी मानांकित असली म्हणून तिची जनुकीय चाचणी आपोआप मानांकित ठरत नाही. कोणत्या चाचण्या मानांकनाच्या कक्षेत आहेत, याची यादी जाहीर असते. रुग्णाला चाचणी लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ती एकदा तरी उघडून पाहिली पाहिजे.

महाराष्ट्रात हा विषय तातडीचा का आहे, हे विदर्भ आणि आदिवासी पट्ट्याकडे पाहिले की समजते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. आज गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत हजारो कुटुंबे या आजाराशी झुंजत आहेत. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचे ध्येय ठेवले आहे. अशा मोठ्या मोहिमेत लॅबची चूकही मोठ्या संख्येने गुणली जाते. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. नवजात बाळात गर्भकाळातले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे तिथे ती चाचणी फसते. थॅलेसेमियाच्या वाहकाची ओळख पटवणारे हिमोग्लोबिन ए२ लोहाच्या कमतरतेने खाली येऊ शकते, आणि आपल्याकडच्या तरुण मुलींमध्ये लोहाची कमतरता किती आहे हे सांगायला नको. सिकलसेलच्या तपासणीनंतर शाळकरी मुलीच्या हातात दिलेले कार्ड पुढे तिच्या लग्नाच्या बोलणीत वाचले जाते. ते चुकीचे असण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी उद्दिष्टाला नाही. शिबिरातल्या किटला कंट्रोल, संशयित नमुन्यांची हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी आणि गरजेप्रमाणे डीएनए चाचणीने खातरजमा, आणि या प्रत्येक पायरीवर बाह्य परीक्षण, एवढे तरी हवेच. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा संस्थांनी रक्तदोषांच्या निदानात आणि गुणवत्ता परीक्षणात पाया घातलेला आहे. त्यावर जिल्ह्याजिल्ह्यात इमारत उभी राहायची आहे.

आक्षेपही ऐकले पाहिजेत. मानांकन महाग आहे, ही तक्रार खरी आहे. छोट्या लॅबला वेगळ्या खोल्या, कंट्रोल, परीक्षणाची वर्गणी, गुणवत्ता व्यवस्थापकाचा पगार हे सारे पेलणे कठीण जाते. माझे उत्तर असे की प्रत्येक लॅबने प्रत्येक जनुकीय चाचणी करण्याची गरजच नाही. वर्षाला मोजके नमुने येणारी चाचणी ती रोज करणाऱ्या केंद्राकडे पाठवणे ही कमीपणाची गोष्ट नाही. तो गुणवत्तेचाच निर्णय आहे. दुर्मिळ आजारांसाठी बाह्य परीक्षणाचे कार्यक्रमच नसतात, हाही आक्षेप खरा आहे. अशा वेळी दोन-तीन लॅबनी नाव झाकून नमुन्यांची अदलाबदल करावी; मानक या मार्गाला वाव देते आणि त्याला मैत्रीपलीकडे फारसा खर्च येत नाही. कागदपत्रांच्या ओझ्याची तक्रार मात्र अर्धीच पटते. परीक्षक येणार म्हणून आदल्या आठवड्यात भरलेल्या वह्या हे निश्चितच ओझे आहे, आणि अशा वह्यांनी कोणाचे भले होत नाही. काम करता करता केलेली नोंद मात्र चूक झालेल्या दिवशी लॅबचा एकमेव साक्षीदार असते.

मानांकनाच्या मर्यादाही इथेच सांगतो. परीक्षक ठरावीक काळाने येतात, नमुने रोज येतात. प्रमाणपत्र असलेल्या लॅबकडूनही चूक होऊ शकते. अंतिम भरवसा असतो तो लॅबमधल्या वातावरणावर. संध्याकाळी घरी निघालेल्या तरुण तंत्रज्ञाला ‘दोन ट्यूबा बहुतेक उलटसुलट झाल्या’ असे वाटले, आणि ते वरिष्ठांना सांगताना त्याला भीती वाटली नाही, तर ती लॅब सुरक्षित आहे. बोलणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर सगळे आलेख सरळ दिसतील आणि चुका मुकाट घरोघर जातील. म्हणून या पुस्तकात चुकांच्या नोंदवहीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि संचालकांनी ते आधी वाचावे अशी माझी विनंती आहे.

हे पुस्तक मराठीत येणे मला फार मोलाचे वाटते. नमुना घेणारी परिचारिका, आश्रमशाळेत शिबिर लावणारा आरोग्य कर्मचारी, तालुक्याच्या लॅबमधला डीएमएलटी झालेला मुलगा, यांच्या हातात गुणवत्तेची सुरुवात असते. त्यांना नियम पाठ असतात. नियमामागचे कारण त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. कारण कळले की माणूस घाईच्या दिवशीही नियम मोडत नाही. डॉक्टरांसाठी यात अहवाल कसा वाचावा आणि लॅबला काय विचारावे हे आहे, शासनातल्या अधिकाऱ्यांसाठी निविदेत कोणत्या अटी घालाव्यात हे आहे. त्यांतली एक अट मी इथेच मागतो: सार्वजनिक पैशातून होणारी प्रत्येक जनुकीय चाचणी बाह्य परीक्षणात सहभागी असलेल्या लॅबमध्येच व्हावी, आणि त्या परीक्षणाचे गुण शासनाने मागून पाहावेत.

लॅबमध्ये काम करणाऱ्या वाचकांना मात्र एक काम सांगतो, आणि त्यासाठी पुस्तक संपण्याची वाट पाहू नका. गेल्या महिन्यात दिलेला कोणताही एक अहवाल उचला आणि त्याच्यापासून उलट दिशेने चालत जा. सही कोणी केली, अर्थ कोणत्या पुराव्यावर लावला, त्या दिवशी रिकामी ट्यूब रिकामीच राहिली का, अभिकर्मकाचा लॉट कोणता, डीएनए कोणी काढला, नमुना किती वाजता आला, लेबल कोणी आणि कोणासमोर लावले. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथे तुमच्या लॅबची पहिली दुरुस्ती आहे. ती उद्याच करा, आणि मग दुसरा अहवाल उचला.